एका आवृत्तीत दोन ग्रंथ : ‘तारीख अल-फत्ताश’चं प्रकरण

महमूद काती नावाचा टिंबक्टूच्या परंपरेतला एक विद्वान १४६८ साली जन्मला आणि १५९३ साली वारला, असा हिशेब पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासात बरीच वर्षं धरला जात होता. म्हणजे माणूस सव्वाशे वर्षं जगला. हिजरी सनाने मोजलं तर त्याहून तीन-चार वर्षं जास्तच, कारण चांद्रवर्ष लहान असतं. आयुष्याच्या शेवटच्या दशकांत हा माणूस काम करतो आहे, राजाशी बोलतो आहे, मान मिळवतो आहे, असंही त्याच पुस्तकात दिसतं.

असा आकडा समोर आला की जुने कागद हाताळणारा माणूस थबकतो. मी मोडी कागद वाचून छपाईसाठी तयार करण्याच्या कामात आहे. आमच्याकडे अशा जागी पहिला प्रश्न विचारतात तो हा : ‘ही दोन्ही वाक्यं एकाच कागदावर आहेत का?’ इथे ती एकाच कागदावर नव्हती. जन्मसालाचा हिशेब एका हस्तलिखितातला, मृत्यूचं साल दुसऱ्यातलं. १९१३ साली पॅरिसमध्ये दोन संपादकांनी ती हस्तलिखितं एकत्र करून एक सलग ग्रंथ छापला, आणि तेव्हापासून दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या चरित्रात जाऊन बसली.

त्या आवृत्तीची ही हकिगत आहे. आफ्रिकेच्या इतिहासाची मूळ साधनं संपादित करून छापण्याच्या कामात एवढं शिकवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. नायजर नदीच्या मोठ्या वळणाभोवती पंधराव्या-सोळाव्या शतकात सोंघाई साम्राज्य होतं. सोन्नी अली १४९२ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाला हटवून अस्किया मुहम्मद गादीवर आला (‘अस्किया’ हा त्याच्या घराण्यातल्या राजांचा किताब). त्याने हजची यात्रा केली, वाटेत कैरोला थांबला आणि विद्वानांना आश्रय दिला. १५९१ साली मोरोक्कोच्या सुलतानाची बंदुका घेतलेली फौज सहारा ओलांडून आली, टोंडिबीच्या लढाईत सोंघाईचं सैन्य हरलं, आणि टिंबक्टू मोरोक्कोहून आलेल्या लष्करी वर्गाच्या हाती गेलं. त्या पराभवानंतर साठ-सत्तर वर्षांनी, सतराव्या शतकाच्या मध्याला, टिंबक्टूत या सगळ्याचे मोठे अरबी इतिहासग्रंथ लिहिले गेले. अस-सादी याचा ‘तारीख अस-सूदान’ हा त्यांतला एक. त्याचा अरबी मजकूर पॅरिसच्या ओक्ताव्ह हूदास यांनी १८९८ साली छापला. त्याच वर्षी आपल्याकडे राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्या पिढीला जगभर कागदांची भूक लागली होती.

दुसरा ग्रंथ म्हणजे आपल्या प्रकरणातला. ‘तारीख अल-फत्ताश फी अखबार अल-बुलदान…’ असं त्याचं लांबलचक नाव सुरू होतं. मराठी माणसाला हे नाव अर्धंअधिक कळतं. तारीख आणि तवारीख आपलेच शब्द, आणि अखबारच्या मुळाशी असलेल्या ‘खबर’शी तर आपल्या बखरीचंही नातं सांगतात. ‘फत्ताश’ म्हणजे कसून शोध घेणारा, धुंडाळणारा. पुढे जे घडलं ते पाहता हे नाव मला फार हळवं करतं.

फ्रेंचांनी १८९४च्या सुमारास टिंबक्टू घेतलं. त्यानंतर लवकरच फेलिक्स द्युब्वा नावाचा पत्रकार तिथे गेला. महमूद कातीचा एक थोर इतिहासग्रंथ आहे, असं त्याला गावात सांगण्यात आलं. पण त्याच्या प्रती सापडत नाहीत, कारण एकोणिसाव्या शतकातला मासिना मुलखाचा सत्ताधीश सेकू अमादू याने त्या नष्ट करवल्या, असंही लोक म्हणत. द्युब्वाने १८९७ साली आपल्या प्रवासाच्या पुस्तकात हे लिहिलं. त्यामुळे ग्रंथ हाती येण्याआधीच त्याचं नाव, त्याचा लेखक आणि त्याच्या नाशाची कथा युरोपात पोचली होती. शोध घेणारे लोक कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. महमूद कातीचा ग्रंथ शोधायचा, हे त्यांनी आधीच मनाशी धरलं होतं.

१९११ साली बॉनेल द मेझिएर या फ्रेंच प्रवाशाला टिंबक्टूच्या एका विद्वानाच्या संग्रहात एक जुनं हस्तलिखित मिळालं. त्याची नक्कल करून पॅरिसला पाठवली गेली, मागाहून मूळही गेलं. या मुळाला संपादकांनी ‘अ’ म्हटलं आणि नकलेला ‘ब’. ‘अ’ची सुरुवातीची पानं गेलेली होती. ज्या पानावर लेखकाचं नाव, ग्रंथाचं नाव, लिहिण्याचं कारण असायचं, तेच नव्हतं. मग १९१२ साली ब्रेव्हिए या फ्रेंच अधिकाऱ्याकडून तिसरी प्रत आली. ही ‘क’. तिच्यात सुरुवात होती, प्रस्तावना होती, ग्रंथाचं नाव होतं, आणि लेखक म्हणून महमूद काती स्वतः बोलत होता. अस्किया मुहम्मद गादीवर आला तेव्हा आपण पंचवीस वर्षांचे होतो आणि १५१९ साली हा ग्रंथ लिहायला घेतला, असा त्यात हिशेब होता. ‘क’मधला पुढचा बराच मजकूर ‘अ’शी जुळत होता.

हूदास यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सत्तरी उलटलेला अरबीचा प्राध्यापक, आणि सोबत जावई मोरिस देलाफोस, जो वसाहतीच्या प्रशासनात वर्षानुवर्षं पश्चिम आफ्रिकेत राहिलेला. हातात एक चांगली पण तोंड नसलेली प्रत, आणि शेजारी तोंड असलेली दुसरी. मजकूर जुळतो आहे. शिवाय द्युब्वाने ऐकलेलं नावही जुळतं. तुटलेल्या मूर्तीला तिचंच डोकं सापडलं, असं कुणालाही वाटावं. त्यांनी ते डोकं बसवलं. ‘क’ची सुरुवात, पुढे ‘अ’चा मजकूर, आणि ‘क’मध्ये जिथे जिथे जास्तीचा मजकूर होता तिथे तोही मध्ये घातलेला. एका खंडात अरबी, दुसऱ्यात फ्रेंच भाषांतर. १९१३ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेच्या इतिहासाचा एक पायाचा दगड ठरला. १९६४ साली त्याचं पुनर्मुद्रण झालं. इतर भाषांत जे गेलं, तेही याच जोडलेल्या संहितेवरून.

अडचण संपादकांनाही दिसली होती. ‘अ’मध्ये लिहिणारा माणूस महमूद कातीचा उल्लेख आपला आजोबा, आईचा वडील, म्हणून करतो. आपल्या मामांच्या टिपणांचा आधार घेतो. सतराव्या शतकाच्या साठच्या दशकापर्यंतच्या गोष्टी सांगतो. मग १५१९ साली लिहायला बसलेला महमूद काती कुठे गेला? संपादकांनी तोड काढली : आजोबाने सुरुवात केली, मुलांनी टिपणं ठेवली, नातवाने ग्रंथ पुरा केला. तीन पिढ्यांचा ग्रंथ. घराण्यात बाड राखलं जातं, वाढवलं जातं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे ही तोड पटण्यासारखी वाटते. पण त्या तोडीची किंमत म्हणजे ते सव्वाशे वर्षांचं आयुष्य. दोन प्रती मिळून एकच ग्रंथ आहे, हे गृहीत सोडायचं नाही म्हटल्यावर माणसाचं वय ताणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आता ‘क’मध्ये जास्तीचं काय होतं ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे.

पहिली गोष्ट भविष्यवाणीची. अस्किया मुहम्मद हजला गेला असताना त्याला सांगितलं जातं की पैगंबरांनी ज्या बारा खलिफांबद्दल सांगितलं, त्यांतला अकरावा तू. बारावा तुझ्यानंतर बऱ्याच काळाने येईल. तो मासिनात येईल, फुलानी असेल, आणि त्याचं नाव अहमद असेल. कैरोचा प्रख्यात विद्वान जलालुद्दीन अस-सुयूती याच्या तोंडी हे भाकीत घातलेलं आहे. अस-सुयूती १५०५ साली वारला.

मासिनात अहमद नावाचा फुलानी सत्ताधीश खरोखर आला, तो १८१८ साली. अहमद लोब्बो, ज्याला लोक सेकू अमादू म्हणत. त्याने नायजरच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात खिलाफत उभी केली आणि हमदल्लाही ही नवी राजधानी वसवली. म्हणजे १५१९ साली लिहायला घेतलेल्या म्हटलेल्या ग्रंथात तीनशे वर्षांनंतरच्या राज्यकर्त्याचं नाव, जमात आणि मुलूख.

दुसरी गोष्ट कमी चमत्कारिक आणि जास्त गंभीर आहे. ‘क’मध्ये चोवीस दासजमातींची यादी आहे. या जमाती आधीच्या राजांच्या मालकीच्या होत्या, सोन्नींकडून त्या अस्कियाकडे आल्या, आणि त्यांच्यावरची अस्कियाची मालकी थोरामोठ्यांनी मान्य केली, असं ती सांगते. प्रत्येक जमातीवर कसला बोजा तेही त्यात आहे. कुणी शेती करून धान्य द्यायचं, कुणी नदीतले मासे सुकवून द्यायचे, लोहारांनी दरवर्षी भाले आणि बाण द्यायचे. वाचताना हे अगदी खरं वाटतं. दप्तरातल्या कमाविसीच्या यादीसारखं कोरडं आणि नेमकं. सोंघाईतल्या दास्याचा आणि अर्थव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांनी कित्येक दशकं या यादीवर भिस्त ठेवली. पण तिचा खरा उपयोग कुणाला होता? अस्कियाच्या हक्कांचा वारस म्हणून जो उभा राहील त्याला. तो बारावा खलिफा असेल, तर अकराव्याच्या मालकीचे लोक आपोआप त्याचे. यादीतल्या जमातींचे वंशज एकोणिसाव्या शतकात मासिनाच्या मुलखात राहत होते. एका पानामुळे कुणाच्या पोराबाळांच्या मानेवर जू यायचं ते ठरत होतं. त्यामुळे हा वाद पंडितांच्या खोलीतला म्हणून मला सोडून देता येत नाही.

१९७१ साली इस्रायली इतिहासकार नेहेमिया लेव्हत्सिऑन यांनी या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांची पद्धत साधी आणि कष्टाची होती. त्यांनी १९१३ची आवृत्ती घेतली आणि तळटिपांवरून ‘क’मध्येच असलेला मजकूर वेगळा काढला. तो एकत्र वाचल्यावर दिसलं की भविष्यवाणी, दासजमातींची यादी, पंचवीस वर्षांचा महमूद काती, १५१९चं साल, सगळं त्याच ढिगात पडतं. ‘अ’मध्ये यातलं काही नाही. ‘अ’मधला महमूद काती अस्किया दाऊदच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्धातला माणूस आहे, आणि त्याचं १५९३ सालचं मरण अगदी सहज पटतं. सव्वाशे वर्षांचा चमत्कार विरून गेला. ग्रंथ लिहिणारा नातू, इब्न अल-मुख्तार, सतराव्या शतकातला. ‘क’मधली भर एकोणिसाव्या शतकात, सेकू अमादूच्या बाजूने घातलेली.

एक जागा तर अंगावर काटा आणते. १९१३च्या आवृत्तीच्या शेवटी परिशिष्टं आहेत. त्यांतल्या एकात द्युब्वाला मिळालेल्या एका निनावी लिखाणाचं फ्रेंच भाषांतर आहे. संपादकांना ते वेगळं काहीतरी वाटलं, म्हणून त्यांनी ते मागे टाकलं. लेव्हत्सिऑन यांच्या वाचनात ते इब्न अल-मुख्तारच्याच ग्रंथाशी जोडलेलं निघालं, आणि त्यात हा ग्रंथ अस्किया दाऊद इब्न हारून याच्या सांगण्यावरून लिहिल्याचा उल्लेख आहे. मोरोक्कोच्या सत्तेखाली नाममात्र उरलेल्या अस्कियांपैकी हा एक, सतराव्या शतकातला. ग्रंथाचं खरं तोंड पुस्तकाच्या शेपटीला छापलेलं होतं, आणि पुढे दुसऱ्याचं तोंड बसवलेलं होतं.

मराठीत उदाहरण घ्यायचं तर सभासदाची बखर आणि मल्हार रामराव चिटणिसांची बखर घ्या. सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांसाठी १६९७ साली लिहिलं. चिटणिसांचं लिखाण त्यानंतर शंभरावर वर्षांनी, साताऱ्याच्या गादीच्या छायेत झालं. आता समजा सभासदाच्या एकुलत्या उरलेल्या प्रतीचं पहिलं पान गेलं आहे, आणि कुणी परदेशी संपादकाने चिटणिसांची सुरुवात तिला लावून, चिटणिसांचा जास्तीचा मजकूर मधेमधे घालून, सगळं सभासदाच्या आजोबाच्या नावावर छापलं. मग त्या पुस्तकावर साठ वर्षं शिवकालाचा इतिहास लिहिला गेला. असं झालं असतं तर काय गोंधळ माजला असता, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तरीही हूदास आणि देलाफोस यांना मी दोषाचे धनी ठरवणार नाही. लेव्हत्सिऑन यांना गाठ सोडवता आली ती कशामुळे? त्याच संपादकांच्या तळटिपांमुळे. हा मजकूर फक्त ‘क’मध्ये आहे, हे त्यांनी खाली नोंदवून ठेवलं होतं. वर मजकुरात त्यांनी चूक केली आणि खाली टिपेत त्या चुकीचा पुरावा स्वतःच्या हाताने जपून ठेवला. त्यांना तो मजकूर खरा वाटत असतानाही त्यांनी नोंद गाळली नाही. साठ वर्षांनी दुसऱ्या देशातल्या माणसाने, ‘क’ समोर नसताना, केवळ त्या टिपांवरून दोन ग्रंथ सोडवायला घेतले. आमच्या कामात तळटीप लिहिताना हात कंटाळतो. ‘ब प्रतीत हा शब्द नाही’, ‘क प्रतीत पुढील ओळ अधिक’, असं शेकडो वेळा लिहावं लागतं, आणि कोण वाचणार असं वाटतं. त्या वेळी मला १९१३ची ती पानं आठवतात.

पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती १९१९ साली, म्हणजे या ग्रंथानंतर अवघ्या सहा वर्षांनी. सुकथनकरांनी तिथे घातलेली शिस्त मराठी वाचकाला ठाऊक आहे : प्रतींचे गट पाडायचे, कुठली प्रत कुठल्या वंशातली ते ठरवायचं, आणि एका गटातच सापडणारा जास्तीचा मजकूर वर न ठेवता तारांकित करून खाली किंवा परिशिष्टात टाकायचा. फेकायचा नाही, पण वर ठेवायचा नाही. हूदास यांनी ‘क’च्या मजकुराला एवढी एक पायरी खाली उतरवलं असतं, तर अर्धा घोळ टळला असता. पण न्यायाने बोलायचं तर सुकथनकरांपुढे शेकडो प्रती होत्या आणि हूदास यांच्यापुढे तीन. त्यांतली एक तर दुसरीची नक्कल. खरे साक्षीदार दोनच, आणि दोघांपैकी कुणाचं खरं ते सांगणारा तिसरा नाही. अशा वेळी वंशवृक्ष काढता येत नाही. अशा वेळी दोन्ही संहिता शेजारी शेजारी छापाव्यात, जोडू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

लेव्हत्सिऑन यांच्यानंतर ‘क’ म्हणजे भेसळ, ‘अ’ म्हणजे शुद्ध, अशी समजूत रुजली. प्रकरण मिटल्यासारखं वाटलं. ते मिटलं नव्हतं. २०१५ साली मौरो नोबिली आणि मोहम्मद शाहिद माथी यांनी ते पुन्हा उघडलं आणि २०२० साली नोबिली यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ‘क’ हा भेसळ केलेला जुना ग्रंथ नाही, तो स्वतंत्र ग्रंथ आहे. सेकू अमादूच्या दरबारातला मोठा विद्वान नूह इब्न अल-ताहिर याने इब्न अल-मुख्तारचा जुना इतिहास कच्चा माल म्हणून घेतला. तो कापला, बदलला, त्यात नवं घातलं, आणि महमूद कातीच्या नावाने एक नवा ग्रंथ रचला. ‘तारीख अल-फत्ताश’ हे नाव या नव्या ग्रंथाचं. जुन्याला ते कधी नव्हतंच.

नूहला हे का करावं लागलं? सेकू अमादूची सत्ता लढाईतून आली होती, पण त्याच्या आसपास त्याहून नावाजलेली माणसं होती. पूर्वेला सोकोटोची खिलाफत होती, उस्मान दान फोदिओच्या घराण्याची, आणि मासिनाने आपलं वर्चस्व मानावं ही तिची अपेक्षा होती. उत्तरेला टिंबक्टूच्या प्रदेशात कुंता घराण्याच्या विद्वानांचा दबदबा होता. त्यांच्या तोडीचं घराणं किंवा किताब सेकू अमादूकडे नव्हता. त्याच्याकडे एक भविष्यवाणी असणं गरजेचं होतं, आणि ती जुनी असणं गरजेचं होतं. नूहने एक पत्रही लिहिलं, बाराव्या खलिफाच्या आगमनाबद्दल, आणि त्यात पुरावा म्हणून महमूद कातीच्या ‘फत्ताश’कडे बोट दाखवलं. त्या पत्राच्या प्रती दूरवर पसरल्या. ग्रंथ आणि पत्र एकमेकांना साक्ष देत होते, आणि दोन्हींमागे हात एकच.

आता द्युब्वाने ऐकलेल्या कथेकडे परत जा. सेकू अमादूने महमूद कातीचा ग्रंथ नष्ट करवला, असं टिंबक्टूचे लोक म्हणत होते. ज्या ग्रंथाचा नाश झाला म्हणत, त्याच नावाचा ग्रंथ सेकू अमादूच्या माणसाने रचलेला होता. गावाने काहीतरी लक्षात ठेवलं होतं. जुन्या मजकुराचं काहीतरी बरंवाईट झालं आहे, आणि त्यात हमदल्लाहीचा हात आहे, एवढं सत्य ऐकीव गोष्टीत टिकून राहिलं. संपादकांनी छापण्याआधी या ऐकीव गोष्टीला पुराव्याइतकं वजन दिलं असतं, तर ‘क’ची भविष्यवाणी वाचताना ते नक्की थांबले असते.

भेसळ आणि स्वतंत्र ग्रंथ, हा फरक प्रकाशनाच्या दृष्टीने फार मोठा आहे. भेसळ असेल तर ती निवडून फेकून द्यायची. स्वतंत्र ग्रंथ असेल तर तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या काळात नेऊन छापायचा. दासजमातींची यादी सोळाव्या शतकाबद्दल फारसं काही सांगत नाही, हे खरं. पण एकोणिसाव्या शतकातलं एक नवं राज्य आपल्या मुलखातल्या कुणाकुणावर मालकी सांगू पाहत होतं, याचं तितकं सविस्तर साधन दुसरं कुठे मिळणार? बनावट कागद हा बनवणाऱ्याच्या काळाचा अस्सल कागद असतो. आपल्याकडे खोट्या वतनपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि जुना तो निर्मळ, असंही नाही. पाउलो द मोराइस फारियास यांनी मालीतल्या मध्ययुगीन अरबी शिलालेखांचा मोठा ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध केला. आफ्रिकेच्या इतिहासाची साधनं चिकित्सक रीतीने छापण्यासाठी चालवलेल्या ‘फाँतेस हिस्तोरिए आफ्रिकाने’ या मालेतला तो ग्रंथ. त्यात त्यांनी दाखवलं की सतराव्या शतकातले टिंबक्टूचे इतिहासकारही एक राजकीय काम करत होते. मोरोक्कोहून आलेला सत्ताधारी वर्ग, नाममात्र अस्किया आणि शहरातली विद्वान घराणी, यांना एका भूतकाळात नांदवणारी कथा ते रचत होते. शिलालेखांतले राजे आणि सनावळ्या त्यांच्या कथेशी दर वेळी जुळत नाहीत. इब्न अल-मुख्तारने आजोबांना मोठं केलं, नूहने आपल्या खलिफाला. दोघांनीही मन लावून लिहिलं.

आता नवी आवृत्ती करायची तर हाताशी काय लागतं, ते एका शब्दावरून सांगतो. ज्या माणसावरून सगळं रामायण घडलं त्याचं आडनाव. अरबीत ते तीन अक्षरांत लिहितात : काफ, ऐन, ते. मध्ये स्वर नाहीत. काती, कात, कोती, काय वाचायचं? सोंघाई किंवा सोनिंके नावं अरबी लिपीत बसवताना लिहिणाऱ्याने ‘ऐन’चं अक्षर कशासाठी वापरलं, घशातल्या आवाजासाठी की नुसता स्वर दाखवायला? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे माणसाचं किंवा गावाचं नाव नक्की कसं म्हणायचं यावर आम्ही तासन् तास घालवतो. तिथे तेच काम, पण भाषा एक आणि लिपी दुसऱ्या भाषेची. ‘कुर्मिना-फारी’, ‘बलमा’, ‘ही-कोई’ असे सोंघाईचे हुद्दे अरबी वाक्यात मधेच येतात. ‘ही-कोई’ म्हणजे होड्यांचा प्रमुख. नदीच्या राज्यात तो मोठा अधिकारी. फक्त अरबी येणाऱ्या संपादकाला असा शब्द चुकलेला अरबी शब्द वाटू शकतो, आणि तो सुधारून टाकू शकतो. त्यामुळे अशा आवृत्तीला सोंघाई आणि फुलानी जाणणारी, त्या मुलखात वाढलेली माणसं मजकुराच्या टेबलावर हवीत. आभाराच्या पानावर नाव देऊन ते भागत नाही. १९१३ साली ती माणसं प्रत मिळवून द्यायला आणि नक्कल करायला होती, निर्णय घ्यायला नव्हती.

आणि प्रतींचे फोटो हवेत. २०१२ साली टिंबक्टू सशस्त्र गटांच्या ताब्यात गेलं, तेव्हा गावातल्या लोकांनी हस्तलिखितं पेट्यांत भरून गुपचूप बामाकोला हलवली. जानेवारी २०१३मध्ये ते गट पळून जाताना अहमद बाबा संस्थेतली सुमारे ४,००० हस्तलिखितं जळाली किंवा गेली. ज्या संहितेची फक्त छापील आवृत्ती उरते आणि मूळ जातं, तिथे पुढच्या लेव्हत्सिऑनच्या हाती संपादकाची तळटीप एवढंच उरतं. ती तळटीप नसेल तर तेही नाही.

आज ग्रंथालयाच्या सूचीत हा ग्रंथ शोधला तर तो बहुतेक ठिकाणी अजून महमूद कातीच्या नावावरच सापडतो. नव्या आवृत्तीत ते बदलावं लागेल. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथाचं सोपं आहे : नाव ‘तारीख अल-फत्ताश’, कर्ता नूह इब्न अल-ताहिर. जुन्याचं काय? त्याचं पहिलं पान गेलेलं आहे आणि इब्न अल-मुख्तारने आपल्या ग्रंथाला काय नाव दिलं होतं ते त्याच पानावर असणार. अभ्यासक त्याला ‘तारीख इब्न अल-मुख्तार’ म्हणतात, पण ते आपण ठेवलेलं नाव आहे. मी संपादक असतो तर मुखपृष्ठावर ते चौकटी कंसात छापलं असतं. संपादकाने घातलेला शब्द आम्ही तसाच छापतो.